तीन किलोमीटर पाणी आणि दोन्हीकडची जमीन

इटलीच्या टोकाला, कलाब्रिया आणि सिसिली यांच्यामधल्या मेसिना सामुद्रधुनीच्या दोन्ही काठांवर दोनशे मीटरहून उंच असा एकेक पोलादी मनोरा उभा आहे. १९५५ साली विजेच्या तारा ओढण्यासाठी हे मनोरे बांधले. दोघांमधलं अंतर ३,६४६ मीटर, मध्ये कुठेही टेकू नाही. पुढे समुद्रतळाशी वीजवाहिन्या टाकल्या गेल्या, नव्वदच्या दशकात वरच्या तारा उतरवल्या आणि मनोरे तसेच राहिले. म्हणजे या काठावरून त्या काठावर एका झेपेत जाता येतं का, याचं उत्तर सत्तर वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे. भांडण आहे ते त्या झेपेवरून काय न्यायचं आणि पलीकडे पोचल्यावर ते पुढे कुठे जाणार, याचं.

या सामुद्रधुनीवर रस्ता आणि रेल्वे नेणारा झुलता पूल बांधायच्या प्रस्तावाची जन्मकुंडली लांबलचक आहे, ती भरभर वाचून टाकू. १९६९ साली आराखड्यांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, १४३ प्रवेशिका आल्या आणि पहिलं बक्षीस सहा जणांत वाटलं गेलं (निर्णय टाळण्याची सवय तिथपासूनची म्हणायची). १९७१ साली कायदा झाला, १९८१ मध्ये ‘स्त्रेत्तो दी मेस्सिना’ ही सरकारी कंपनी निघाली. २००५ मध्ये निविदा, २००६ मध्ये करार, त्याच वर्षी सरकार बदललं आणि प्रकल्प थांबला. मग पुन्हा सुरू झाला, पुन्हा थांबला, आणि २०१३ मध्ये कंपनी अवसायनात गेली. २०२३ च्या अध्यादेशाने तिला परत जिवंत केलं. ६ ऑगस्ट २०२५ रोजी आर्थिक नियोजनाच्या आंतरमंत्रालयीन समितीने १३.५ अब्ज युरोंच्या अंतिम आराखड्याला मंजुरी दिली आणि २९ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘कोर्ते देई कोन्ती’ने, म्हणजे सरकारी खर्चाची कायदेशीरता तपासणाऱ्या लेखा न्यायालयाने, त्या मंजुरीवर शिक्का मारायला नकार दिला.

या सगळ्यात एक आकडा मात्र वर्षानुवर्षं टिकून आहे: ३,३०० मीटरचा मधला गाळा, म्हणजे पुलाच्या दोन मनोऱ्यांमधलं टेकूविना अंतर. आज जगातला सर्वांत लांब झुलता गाळा तुर्कस्तानातल्या चनाक्काले पुलाचा आहे, २,०२३ मीटर, २०२२ मध्ये खुला झालेला. त्याआधी जपानचा आकाशी काइक्यो, १,९९१ मीटर, १९९८ चा. जपान ते तुर्कस्तान या चोवीस वर्षांत विक्रम पुढे सरकला तो बत्तीस मीटरने. मेसिनाला एका दमात जवळपास तेराशे मीटर जास्त हवे आहेत.

इतकी लांब उडी हौसेपोटी मागितलेली नाही. सामुद्रधुनी सर्वांत अरुंद असते तिथे रुंदी तीन किलोमीटरच्या थोडी पुढे आहे आणि तळाचा उंबरठाही तिथेच आहे, सुमारे ऐंशी मीटर खोल. दोन्ही बाजूंना तळ भराभर उतरत जातो. त्यात तिऱ्हेनियन समुद्र आणि आयोनियन समुद्र यांच्या भरती-ओहोटीच्या वेळा जवळपास उलट्या आहेत. एकीकडे पाणी चढलेलं असतं तेव्हा दुसरीकडे उतरलेलं, आणि मधल्या अरुंद दारातून ते दर सहा तासांनी दिशा बदलत धावतं. प्रवाह सेकंदाला तीन मीटरच्या वर जातो. ग्रीकांनी इथे स्किला आणि खारिब्दिस या राक्षसिणी बसवल्या त्या काही उगाच नव्हेत, कलाब्रियाच्या काठावर शिल्ला नावाचं गाव आजही आहे. अशा पाण्यात, अशा खोलीवर, भूकंपप्रवण तळावर खांब रोवणं म्हणजे पायासाठीच वेगळा प्रकल्प उभा करणं. म्हणून आराखड्यात पुलाचे दोन्ही मनोरे जमिनीवर ठेवले. बोगद्याचा पर्यायही तपासला गेला. पण रेल्वेला चालेल असा उतार ठेवून त्या खोलीखाली जायचं तर बोगदा फार लांबतो, आणि सक्रिय भ्रंशांना, म्हणजे भूकंप घडवणाऱ्या भेगांना, छेदून जातो. पाण्याखाली तरंगता ठेवायचा नळीसारखा बोगदा कागदावर छान दिसतो, पण या मापाचा कुणी बांधलेला नाही.

गाळा लांबला की पहिली अडचण वाऱ्याची किंवा भूकंपाची नसते, केबलच्या स्वतःच्या वजनाची असते. मेसिनाच्या आराखड्यात चार मुख्य केबल आहेत, दोन-दोनच्या जोड्यांत. प्रत्येकीचा व्यास १.२६ मीटर, लांबी ५,३२० मीटर. प्रत्येकीत १२७ तारांच्या ३४९ जुड्या, म्हणजे ४४,३२३ तारा, आणि एकेक तार साडेपाच मिलिमीटरच्या आतबाहेर. हिशेब केला तर एका केबलच्या छेदात साधारण एक चौरस मीटर भरीव पोलाद भरतं. म्हणजे दर मीटरला आठ टन, आणि चारही मिळून बत्तीस टन. ज्या डेकला, म्हणजे रस्ता आणि रूळ असलेल्या पट्ट्याला, त्या पेलणार, त्या डेकहून केबलच जड आहेत.

केबलचा झोल गाळ्याच्या अकराव्या हिश्शाइतका, तीनशे मीटर, ठेवलेला आहे. मनोऱ्यांची उंची ३९९ मीटर यातूनच येते: जहाजांसाठी खाली मोकळी जागा, त्यावर डेक, त्यावर झोल. झोल कमी केला तर मनोरे बुटके होतील, पण ओढ वाढेल. कपडे वाळत घालायची दोरी जितकी ताठ बांधावी तितक्या भिंतीतल्या खुंट्या लवकर निघतात, त्यातलाच प्रकार. पुलावर एकही गाडी नसताना चारही केबलांतली आडवी ओढ मिळून अडीच लाख टनांच्या घरात जाते. ही ओढ दोन्हीकडच्या जमिनीत मुरवण्यासाठी काँक्रीटचे जे अँकर ब्लॉक लागतात, त्यांतला सिसिलीकडचा तीन लाख घनमीटरहून मोठा आणि कलाब्रियाकडचा दोन लाखांहून मोठा. सिसिलीकडची जमीन वाळू-खडीची आहे, खडक पक्का नाही, म्हणून तिकडचा ब्लॉक मोठा.

वाऱ्याचं गणित मात्र खरंच नव्याने मांडावं लागलं. १९४० मध्ये अमेरिकेतला टॅकोमा पूल ताशी साठ-पासष्ट किलोमीटरच्या वाऱ्यात पिळवटून तुटला, हे अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाहिलेलं असतं. त्यानंतर डेकला पीळ न बसू देणारी ताठ पेटी द्यायची, हा उपाय रूढ झाला. पण तीन किलोमीटरच्या पुढे पेटीचा ताठपणा फारसा उपयोगी पडत नाही, कारण डेकची वर-खाली हालचाल आणि पिळाची हालचाल दोन्ही केबलच ठरवते. दोन्हींचे आवर्तनकाळ जवळ येतात आणि जवळ आले की वारा त्यांना एकमेकांत गुंतवतो. मेसिनाच्या आराखड्याचं उत्तर असं: एकसंध डेकऐवजी तीन वेगळ्या पेट्या, कडेच्या दोन रस्त्यासाठी, मधली रेल्वेसाठी, आणि त्यांच्यामध्ये जाळीने झाकलेल्या मोकळ्या फटी. वारा फटींतून वर-खाली जाऊ शकतो, त्यामुळे डेकच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक वाढत नाही. सगळी मिळून रुंदी साठ मीटर. फट ठेवण्याची ही कल्पना इतकी पटली की मूळ पूल कागदावरच असताना तिची भावंडं बांधून वापरातही आली. चनाक्कालेचा डेकही दोन पेट्या आणि मध्ये फट असाच आहे. पूल बांधला नाही तरी त्यावरचा विचार वाया गेला नाही, असं निदान इथे तरी म्हणता येईल.

तरीही धोका आहे तो अर्ध्या बांधकामात. मनोरे उभे राहिले, केबल ओढून झाल्या की डेकचे तुकडे तराफ्यावरून आणून मधोमध उचलायला सुरुवात होते आणि काम दोन्ही मनोऱ्यांकडे सरकत जातं. या काळात तुकडे एकमेकांना तात्पुरते जोडलेले असतात, पक्कं वेल्डिंग मागून होतं. तेव्हा डेकचा पिळाला होणारा विरोध सर्वांत कमी असतो. त्यासाठी शांत हवेचे महिने निवडावे लागतात. इथे भर पडते ती प्रवाहाची: तुकडा उचलताना तराफा बरोबर हुकांखाली थांबला पाहिजे आणि पाणी तर सहा तासांनी दिशा बदलतं. प्रवाह फिरण्याच्या अलीकडे-पलीकडे जो शांत वेळ मिळतो तोच काय तो कामाचा. तेवढ्या वेळात जहाजांची वाहतूकही थांबवायची. एखादा दिवस हुकला की नुसता दिवस जात नाही, वाऱ्याच्या मोसमाकडे सगळं वेळापत्रक ढकललं जातं. खर्चाचे अंदाज चुकतात ते अशा ठिकाणी.

आता भूकंप. पुलाविरुद्ध बोलणारे पहिला दाखला १९०८ चा देतात. २८ डिसेंबरच्या पहाटे सव्वापाचनंतर सुमारे ७.१ तीव्रतेचा धक्का आला, मागून त्सुनामी, आणि मेसिना व रेज्जो ही दोन शहरं भुईसपाट झाली. मृतांचा आकडा ऐंशी हजारांच्या आसपास धरला जातो, काही अंदाज त्याहून बरेच पुढे जातात. पण झुलत्या पुलाला भूकंप तसा सोसतो. त्याची सर्वांत संथ आडवी झुलणी अर्ध्या मिनिटाच्या आसपास असते, आणि भूकंपाची बहुतेक ऊर्जा सेकंद-दोन सेकंदांच्या आतल्या थरथरीत असते. दोघांची लय जुळत नाही. जानेवारी १९९५ मध्ये कोबेचा भूकंप झाला तेव्हा आकाशीचे मनोरे आणि केबल उभे होते, डेक चढायचा होता. जमीन सरकून गाळा जवळपास एक मीटरने वाढला. आराखडा थोडा बदलून काम पुढे गेलं.

म्हणजे भीती निराधार आहे असं नव्हे, ती चुकीच्या जागी आहे. काळजी करायची ती काठावरच्या जमिनीची: मनोऱ्याच्या पायाखालून किंवा अँकर ब्लॉकच्या जवळून सक्रिय भ्रंश जातो का, वाळूची जमीन हादऱ्याने पातळ होईल का, कलाब्रियाच्या उतारावर दरड सरकेल का. आणि जोडरस्त्यांची. चाळीस किलोमीटरच्या वर रस्ते आणि रेल्वे नव्याने करायचे आहेत, त्यातले बहुतेक बोगद्यांत. पुलावरचा माणूस वाचेल, बोगद्याचं तोंड मात्र बंद होईल, असा भूकंप कल्पनेत आणणं अवघड नाही. आणि या सगळ्याच्या आजूबाजूला जी घरं, शाळा, इस्पितळं आहेत त्यांतली कितीतरी तसल्या धक्क्यासाठी बांधलेली नाहीत. पुढचा १९०८ आला तर शहराकडे न पाहता पुलाकडे पाहत राहणं विचित्र ठरेल.

जहाजांच्या उंचीचा मुद्दा चर्चेत कमी येतो, पण तो मजेदार आहे. पुलाखालची मोकळी उंची ६५ ते ७२ मीटर सांगितली जाते. एकच आकडा का नाही? कारण डेक स्थिर नसतो. रिकामा असताना तो वर असतो, ट्रक आणि गाड्या चढल्या की काही मीटर खाली येतो. सुएझकडून येऊन जोया ताउरो बंदरात जाणारी कंटेनर जहाजं याच दारातून जातात, आणि दर दशकात जहाजं उंच होत आहेत. दोनशे वर्षांचं आयुष्य धरून बांधलेल्या पुलाखालून दोनशे वर्षांनी किती उंच जहाज जाणार आहे, याचा अंदाज आज कुणी बांधावा!

आता रेल्वे, कारण माझ्या मते निर्णय इथे अडतो किंवा सुटतो. आज रोमहून येणारी गाडी कलाब्रियाच्या काठावर व्हिल्ला सान जोव्हान्नीला पोचते, तिचे तुकडे होतात, शंटिंग करून ते फेरीबोटीच्या पोटातल्या रुळांवर ढकलले जातात, पलीकडे मेसिनाला उतरवून पुन्हा जोडले जातात. पाण्यावरचा वेळ थोडा, पण सगळं मिळून दोन तासांच्या आसपास जातात. मोटार घेऊन जाणाऱ्याला मात्र रांग नसेल तर वीस-पंचवीस मिनिटांची फेरी पुरते. म्हणजे पुलाचा मोठा फायदा आगगाडीला आहे, मोटारीला त्यामानाने थोडा.

आणि पूल महाग, रुंद, अवघड होतो तोही रेल्वेमुळेच. एका मालगाडीचं वजन हजार-दीड हजार टन. चार केबलांचं वजन मात्र एक लाख सत्तर हजार टनांच्या आसपास, त्यामुळे एकूण भारात गाडी किरकोळच. पण तिचा भार एका ठिकाणी असतो आणि धावता असतो. ती जिथे असते तिथे डेक खचतो, पुढे-मागे उचलला जातो, आणि सगळा डेक लांबीच्या दिशेनेही सरकतो. तापमान दहा अंशांनी बदललं की ३,६६६ मीटर लांबीचं पोलाद चव्वेचाळीस सेंटिमीटरने लांबतं किंवा आखडतं, ते वेगळंच. रस्त्याच्या सांध्याला हे चालतं, रुळाला चालत नाही. रुळाचा उतार, टोकावरचं वळण, दोन रुळांमधलं अंतर, सगळं मिलिमीटरांत सांभाळावं लागतं. जपानने सेतो पुलावर त्यासाठी टोकाला ही हालचाल वाटून घेणारे वेगळे संक्रमण-गर्डर बसवले, ते १९८८ पासून चालू आहेत, पण तिथला सर्वांत लांब गाळा अकराशे मीटरचा. आकाशी पुलावरही मुळात रेल्वे नेणार होते, १९८५ मध्ये ती वगळली. जगातल्या दोन सर्वांत लांब गाळ्यांवर आज फक्त रस्ता आहे.

तेव्हा मेसिनाचा प्रश्न असा मांडावा लागेल: रेल्वेसाठी पूल बांधायचा असेल तर पुलाच्या दोन्हीकडे रेल्वे आहे का? उत्तरेला सालेर्नो ते रेज्जो या जलदगती मार्गाच्या पहिल्या टप्प्यांचं काम चालू आहे, पण कलाब्रियातला बराच पट्टा अजून आराखड्यांत आणि निधीच्या शोधात आहे. सिसिलीत पालेर्मो ते कातानिया गाडीला आजही तीन तासांच्या आसपास लागतात. या मार्गाची सुधारणा आणि मेसिना-कातानियाचं दुहेरीकरण चालू आहे, बेटावरच्या बाकी रेल्वेचा मोठा भाग एकेरी. ही कामं रखडली आणि पूल आधी उभा राहिला, तर साठ मीटर रुंदीच्या, रेल्वेसाठी ताठ केलेल्या त्या डेकवरून बहुतांशी ट्रक धावतील. फेरीने अर्ध्या तासात जाणारे ट्रक. आणि रोमला जाणारा कातानियाचा माणूस तेव्हाही विमानतळावरच जाईल, कारण मेसिनानंतरचे तास तसेच उरलेले असतील.

पुलाच्या बाजूने बोलणारे म्हणतात, पूल झाला की मागून रेल्वे येईलच, दडपण निर्माण होईल. मला हे उलटं वाटतं. खर्चाचा ओघ मोठ्या कामाकडे जातो. २०२४ च्या अर्थसंकल्पात या पुलासाठी प्रादेशिक विकास निधीतले १.६ अब्ज युरो वळवले गेले, त्यातले १.३ अब्ज सिसिलीच्या वाट्याचे आणि ३० कोटी कलाब्रियाचे. त्याच वर्षी सिसिलीत आग्रिजेंतोसारख्या शहरांत दुष्काळाने नळाचं पाणी पाळीपाळीने सोडलं जात होतं. दुष्काळ एकीकडे खरा, पण गळक्या जलवाहिन्यांचाही त्यात मोठा वाटा होता, आणि त्या दुरुस्त करायला पैसे लागतात.

जपानचा अनुभवही बघण्यासारखा आहे. होन्शू आणि शिकोकू या बेटांमध्ये एक नव्हे, तीन पूलमार्ग झाले. तंत्र म्हणून ते उत्तम चालले, पण वाहतुकीचे अंदाज फसले आणि २००३ मध्ये सरकारला १.३४ लाख कोटी येनांचं कर्ज अंगावर घ्यावं लागलं. शिकोकूची लोकसंख्या घटतच राहिली, शिकोकूवरच्या तोकुशिमाचे ग्राहक पूल ओलांडून कोबे-ओसाकाला खरेदीला जाऊ लागले. पूल दोन्ही दिशांनी चालतो, हे उद्घाटनाच्या भाषणांत कुणी सांगत नाही.

देखभालीबद्दल भाषणं आणखी कमी. दोनशे वर्षांचं आयुष्य म्हणजे दोनशे वर्षांची पाळत. केबलमध्ये पाणी शिरलं तर ते बाहेरून दिसत नाही. स्कॉटलंडचा फोर्थ रस्तापूल १९६४ चा. २००४ मध्ये केबल उघडून पाहिली तर तारा गंजलेल्या, ताकद आठ-दहा टक्क्यांनी घटलेली. मग केबलमध्ये कोरडी हवा फिरवायची यंत्रणा बसवली, जी आकाशीत सुरुवातीपासून होती. तोच पूल डिसेंबर २०१५ मध्ये पूर्ण बंद करावा लागला तो एका जोडाला तडा गेल्याने, आणि तडा गेला कारण फिरायची पिन गंजून अडकली होती. मेसिनात अशी यंत्रणा पहिल्या दिवसापासून असेल, पण हवा कोरडी ठेवणारी यंत्रं बंद पडतात, गळती शोधावी लागते, हँगर (केबलवरून डेक टांगणारे उभे दोर) बदलावे लागतात, सांधे वीस-तीस वर्षांत झिजतात, पोलादी डेकच्या वेल्डिंगमध्ये ट्रकच्या चाकांनी बारीक चिरा पडत जातात. जेनोआत १४ ऑगस्ट २०१८ रोजी मोरांदी पूल कोसळून ४३ माणसं मेली, तेव्हा तो जवळपास एक्कावन्न वर्षांचा होता आणि त्याच्या ताणदोऱ्या काँक्रीटच्या आवरणात, पाहता न येण्याजोग्या. तंत्र वेगळं होतं, पण तपासणी पुढे ढकलण्याची सवय कोणत्याही तंत्राला लागू शकते. १३.५ अब्जांच्या चर्चेत दरवर्षीच्या देखभालीचा पैसा कुठल्या खात्यातून, कुणाच्या सहीने, आणि ते खातं दुसऱ्या कामाला वळवता येणार नाही अशा कोणत्या अटीने, हे ठळक अक्षरांत मला तरी दिसत नाही.

लेखा न्यायालयाने घेतलेले आक्षेप याहून कोरडे आहेत. पक्ष्यांच्या स्थलांतराची वाट आणि कापो पेलोरोची खाडीतळी यांसारख्या संरक्षित जागांबाबत युरोपीय अधिवास निर्देशाची प्रक्रिया नीट पाळली नाही, हा एक. टोलच्या आर्थिक आराखड्यावर वाहतूक नियामकाचं मत घेतलं नाही, हा दुसरा. तिसरा मला सर्वांत वजनदार वाटतो: युरोपीय नियमांनुसार जुन्या करारात निम्म्याहून जास्त वाढ होत असेल तर नवी निविदा काढावी लागते. २००५ चा देकार ३.९ अब्जांचा होता. सरकारचं म्हणणं, ही वाढ बहुतेक महागाईची आहे, कामाची नाही. पण तेव्हा भांडवलाचा मोठा हिस्सा खासगी बाजारातून उभारायचा होता आणि आता सगळा पैसा सार्वजनिक आहे. ज्या जोखमीवर देकार दिला गेला ती जोखीमच बदलली, तर करार तोच राहिला असं कसं म्हणायचं?

नवी निविदा निघाली तर दोन-तीन वर्षं जातील, अशी तक्रार होते. जाऊ देत. त्या काळात मनोऱ्यांच्या जागेचे भूगर्भीय वेध पुरे होतील, मेसिना-कातानियाचे बोगदे पुढे जातील, कलाब्रियातल्या रेल्वेचा निधी ठरतो का तेही कळेल. निविदेत रेल्वेसह आणि रेल्वेविना अशा दोन किमती मागवाव्यात. मधली पेटी नेमकी किती अब्जांना पडते हे एकदा आकड्यात दिसलं, की ती रिकामी ठेवणं कुणाला परवडतं यावर रोममध्ये आणि पालेर्मोत खरा वाद सुरू होईल.